तीन गौरी गेल्या

अन्याय झाला तो खालच्या गल्लीतल्या अक्कावर. केव्हा झाला तेही सांगते. कचेरीचा फरवर्दी महिना, म्हणजे आपला माघ, त्यातला दुसरा सोमवार, बाजाराचा दिवस, आणि दुपारची बांग व्हायला एक विडा चघळून होईल एवढाच वेळ बाकी. कचेरीत पाच माणसं बसली होती. त्यांतल्या एकानं कागदावरचा एक आकडा खोडून दुसरा लिहिला. अन्याय तेवढ्यात झाला.

गावातले शहाणे म्हणतात, छे, अक्का पडली ती श्रावणात. पावसानं पायऱ्या निसरड्या झाल्या, पाय घसरला, यात कोणाचा काय दोष? मी म्हणते, ती त्या सोमवारीच पडली. खाली पोचायला तिला सहा महिने लागले, एवढंच.

आमचं गाव तालुक्याचं, आणि तीन भाषांचं. आमच्या घरात मराठी, शेजारी कानडी, समोर कचेरीत उर्दू. भांडायला तिन्ही चालतात. अक्का आमची शेजारीण. लिंगायताची बाई, गळ्यात लिंग, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाजाराच्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकायची. मी लहानपणी तिच्या हातची जितकी चटणी खाल्ली तितकं आईच्या हातचं कालवणही खाल्लं नसेल. बोलायला फटकळ. गल्लीत कोणाचीही मयत असो नाहीतर बाळंतपण, पहिलं पाणी भरायला हीच.

आणि पाणी भरायचं म्हणजे बारवेत उतरायचं. खालच्या गल्लीला पाण्याची दुसरी वाट नाही. आमची बारव तांबड्या दगडाची. हा आमच्याकडचा दगड जमिनीतून काढताना विळ्यानं काकडी कापावी तसा कापतो, वाऱ्यावर कडक होतो, पण पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिला की झडायला लागतो. बारवेला सोळा पायऱ्या. वरच्या नऊ कशाबशा पायऱ्यांसारख्या दिसत. खालच्या सातांचा नुसता उतार झाला होता. कठडा माझ्या आईच्या लग्नाआधीच ढासळलेला. उन्हाळ्यात पाणी खाली जाई तेव्हा बायका त्या उतारावर बसून, कुल्ले घासत खाली जात आणि भरली घागर डोक्यावर घेऊन उभ्यानं वर येत. बसून जायचं आणि उभ्यानं यायचं. जमेल का कोणा कमेटीवाल्याला? एकदा करून दाखवा म्हणावं.

आता पैशाचं. शेतसाऱ्याबरोबर एक जादा पट्टी वसूल होते, तिला लोकलफंड म्हणतात. रस्ता, विहीर, शाळा, दवाखाना, गावात जे काही नवं बांधायचं ते यातून. कामं फार आणि पैसा थोडा, म्हणून दरसाल कामांची फेहरिस्त लावतात. फेहरिस्त म्हणजे यादी. पहिल्या नंबरचं काम आधी, पैसे उरले तर दुसरं, त्यातूनही उरले तर तिसरं. तिसऱ्या नंबरापर्यंत पोचलेला पैसा आमच्या गावात कोणी बघितलेला नाही. फेहरिस्त ठरवायला कमेटी असते. कमेटीवर तहसीलदारसाहेब, दोन जमीनदार, एक वकील आणि एक आडतदार. यांना कोणी निवडलं? साहेबांनीच. पट्टी आम्ही भरायची, नंबर त्यांनी लावायचे. आणि या पाचांपैकी एकाच्याही घरची बाई बारवेवर येत नव्हती.

त्या साली खालच्या बारवेच्या पायऱ्या पहिल्या नंबरावर होत्या. उगाच नव्हे. दोन साल अर्ज केले होते, तेव्हा कुठं.

माझ्या आबांचं पानाचं दुकान कचेरीच्या बरोबर समोर. त्या सोमवारी मी दुकानात पानं पुसत बसले होते. चपराशी रस्ता ओलांडून आला.

"आबा, पाच विडे. सावकारके विडे में जर्दा जादा."

मी विचारलं, "पायऱ्यांचं झालं का काही?"

"क्या होता? अव्वल थे, तीसरे होगए. कारंजा आया अव्वल."

"कारंजा? कुठं?"

"इधरीच. कचेरीके सामने. तालुकदारसाब, जिले के बडे साब, दौरे पे आरे ना. उनकू दिखाना कुछ तो."

"आणि कारंजाला पाणी कुठलं?"

"तुमारे बारव का," म्हणाला, आणि विडे घेऊन गेला. तो आत शिरला आणि बांग झाली. म्हणून वेळ माझ्या डोक्यात पक्की आहे.

नंबर का बदलला, ते संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आडतदार सावकारानं कारंजासाठी निम्मी रक्कम पदरची देतो म्हणून सांगितलं होतं. बदल्यात कारंजावर त्याच्या बापाच्या नावाचा दगड. कमेटीचा म्हणे कायदाच होता, ज्या कामाला निम्मे पैसे बाहेरून येतात ते काम आधी. ऐकायला किती चांगला कायदा! ज्याच्याजवळ आहे त्याचं आधी करा, ज्याच्याजवळ नाही त्याचं मग बघू. माझे आबा, जे कधी कोणाला वाईट बोलले नाहीत, तेसुद्धा त्या दिवशी चुना लावता लावता म्हणाले, "आगं, जेवलेल्याला आग्रह करायची रीतच हाय."

गल्ली पेटलीच होती. दुसऱ्या दिवशी बायका कचेरीवर जायच्याच. पण सकाळी कचेरीच्या फळ्यावर फेहरिस्त लागली, उर्दूत. आणि ती वाचली मी.

हे मला सांगायलाच पाहिजे. दुसऱ्यांच्या चुका मोठ्यानं सांगायच्या आणि आपली खिशात ठेवायची, हे मला जमत नाही. मुलींच्या शाळेत मी चार इयत्ता उर्दूत शिकले. अक्षरं सगळी येत, शब्द सगळे येत नसत. गल्लीत तेवढंही कोणाला येत नव्हतं, म्हणून मी पंडित. फळ्यावर तिसऱ्या नंबरापुढं लिहिलं होतं: खालची बारव, पायऱ्या आणि कठडा, जेर-ए-गौर. मी ते पाठ करत बारवेवर आले. बायका घागरी टेकवून वाटच बघत होत्या.

"काय लिवलंय गं?"

"जेर-ए-गौर."

"म्हंजे?"

मी विचार केला. शाळेत जेर म्हणजे अक्षराच्या खाली द्यायची तिरकी रेघ. जेर म्हणजे खाली. मग जेर-ए-गौर म्हणजे गौरीच्या खाली, म्हणजेच गौरीच्या आत! मी ठासून सांगितलं, "गौरीच्या आत करणार म्हणून लिहिलंय."

बायकांचे चेहरे असे उजळले की मलाच अभिमान वाटला. तिसऱ्या नंबरावर गेलं तर गेलं, मुदत तर मिळाली! कचेरीवर जायचं तिथंच राहिलं. वाद सुरू झाला तो वेगळाच.

"मग काय," भटजींच्या काकू म्हणाल्या, "चैत्रगौर. दीड महिन्यावर तर आली."

"दीड महिन्यात सरकारी काम?" शिंपीणबाईनं हात ओवाळले. "काकू, भांग घेऊन आलाव का? भादव्यातली गौर आसंल. आपल्या लक्ष्म्या बसतेत ती."

अक्का घागर घासत होती. मान वर न करता म्हणाली, "दोघी बी चुकायलाव. गौर म्हंजे गौरी हुण्णिवी. कार्तिकातल्या पुनवंची. साखरंच्या आरतीची."

"आगं अक्का, सायेब कानडी गौर कामून धरतील?"

"आन मराठी कामून धरतील? तुझा मावसभाऊ लागतोय का सायेब?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. साहेबांच्या घरी मुळात कोणतीच गौर बसत नाही, हे एकीच्याही मनात आलं नाही. चार इयत्ता शिकलेल्या माझ्याही नाही. एका शब्दानं आम्हाला महिनोन्‌महिने गप्प बसवलं, आणि तो शब्द कचेरीतून बारवेपर्यंत माझ्या तोंडानं आला.

चैत्र आला. काकूंच्या घरी हळदीकुंकू झालं, कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. पन्ह्याचं पाणी आम्ही त्याच उतारावरून आणलं. कचेरीसमोर मात्र खणती लागली. बघता बघता आठ कोनांचा हौद उभा राहिला, मध्ये कमळ, कमळात नळी. कचेरीच्या छपरावर लोखंडी टाकी चढली. बांधकामाला पाणी मारायला आणि ती भरून ठेवायला भिस्ती बैलावर पखाल घालून आमच्या बारवेवर यायला लागला. त्याचा नंबर आमच्या आधी. सरकारी पाणी ना! बायका वर घागरी घेऊन उभ्या, आणि खाली भिस्ती पखाल भरतोय. तोही बिचारा त्या उतारावरून घसरतच यायचा. एकदा मला म्हणाला, "बेटी, ये पानी उप्पर जाके फिर नीचेच गिरना है. कायकू उठारे मालूम नै."

काकू म्हणाल्या, चैत्र चुकला खरा. शिंपीणबाई म्हणाली, बघा, मी म्हटलं नव्हतं? भादव्यातलीच.

श्रावणातल्या एका सोमवारी, उपासाच्या दिवशी, सकाळी उजाडल्यावर अक्का दोन घागरी घेऊन उतरली. मी वरच्या चौथ्या पायरीवर होते, माझी कळशी हातात. पाणी वर आलेलं होतं, पण रात्रभरच्या पावसानं कठड्याच्या बाजूची माती पायऱ्यांवर उतरली होती. मी तिला म्हटलंही, "अक्का, जरा थांब, ऊन पडू दे." ती म्हणाली, "ऊन पडेस्तोवर भिस्ती यील." आणि मग घागरीचा आवाज आला. आधी घागरीचा, मग तिचा. घागर दगडावरून ठण्‌ठण्‌ करत पाण्यात गेली. अक्का गेली नाही, तिचा पाय ढासळलेल्या दगडांत अडकला म्हणून वाचली. आणि त्यामुळंच पाय गेला.

दवाखाना फेहरिस्तीत कितव्या नंबरावर होता ते विचारू नका. जनवाड्याहून हाड बसवणारा आणला. त्यानं कामट्या मागितल्या, जुनं लुगडं मागितलं आणि लेपासाठी अंडी मागितली. अक्का कण्हत होती ती कोपरावर उठली.

"अंडं? माझ्या अंगाला?"

"अक्का, लेपात लागतंय. त्याबिगर हाड धरंना."

"धरू नको म्हणाव. पाय देते मी, धर्म देत न्हाई."

त्यानं उडदाच्या पिठावर भागवलं. हाड धरलं, पण वाकडं. पाय दोन बोटं आखूड झाला. भादव्यातली गौर आली तेव्हा अक्का बाजेवर होती. शिंपीणबाई तिच्यासाठी पुरणाची पोळी घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. अक्का तिला म्हणाली, "रडतीस कामून? तू हारलीस म्हणून? अजून माझी गौर ऱ्हायलीय."

मला ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी दुकानात कचेरीतला म्हातारा पेशकार आला, पेन्शनीत निघालेला. हयातभर साहेबांच्या शेजारी बसून कागद वाचलेला माणूस. विडा हातात देता देता मी विचारलं, "चाचा, जेर-ए-गौर म्हणजे कोणती गौर?"

त्यानं विडा तोंडापाशी नेलेला तसाच धरला. "कोणती म्हणजे? गौर यानी सोच, बेटी. साब सोचरे बोलके लिखे."

"कधीपर्यंत सोचणार?"

"सोचने की कहीं मुद्दत रैती?" म्हातारा हसला. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचा थांबला. विडा तसाच परत ठेवून निघून गेला.

मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं झालं होतं. घेतलं नाही. बारवेवर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मी चुकीचं वाचलं. गौर म्हणजे गौर नाही. ते विचार करतायत. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. वाटलं होतं, शिव्या पडतील. पडल्या नाहीत, ते जास्त लागलं. काकू एवढंच म्हणाल्या, "सात महिने विचार? पायऱ्यांचा? माणूस लग्नाचा एवढा करत न्हाई."

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. पत्रकं मला नवी नव्हती. मामा सोलापूरकडून छापील पत्रकं चोळखणात गुंडाळून आणायचा, त्यावरच मी लिहायला शिकले होते. शब्द सगळे तयार होते: जुलूम, गुलामगिरी, जनता, जागी हो. पानाच्या पुड्यांचा कागद घेतला, निळा कार्बन लावला आणि एका बैठकीत दीड पान ओढलं. मग ते अक्काला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"लई चांगलं हाय," म्हणाली. "पर ह्यात मी कुठं हाय?"

"तूच तर आहेस. जनता म्हणजे तू."

"न्हाई गं बाई. जनतेचा पाय न्हाई मोडला. माझा मोडलाय. आन कुठल्या दिवशी मोडला ते बी न्हाई ह्यात."

मी कागद फाडला. नवा लिहिला. कोणावर, कधी, कोणाच्या हातून, आणि आता काय पाहिजे. जुलूम हा शब्द एकदाही आला नाही. तेव्हापासून मी असंच लिहिते, आणि कोणी दुसऱ्या तऱ्हेनं लिहायला सांगितलं तर ऐकत नाही.

पण पत्रक वाटून काय होणार? वाचणारे चार आणि पकडणारे चाळीस. सभा घ्यावी तर परवानगी लागते. परवानगीचा अर्ज दिला तर त्यावर काय शेरा येणार ते आता आम्हाला पाठ होतं. कार्तिक लागला होता. नव्या सालाची फेहरिस्त लावायला कमेटी बसणार होती, आणि बसणार होती ऐन पुनवेच्या दिवशी. मी अक्काच्या बाजेशी बसून हेच रडगाणं गात होते. ती म्हणाली, "सभंला परवानगी लागती. गौरीला लागती का?"

मी बाजेच्या जवळ सरकले.

"आपल्याला गौर म्हणून सांगितलं न्हवं त्यांनी? मग गौर नेऊ की त्यांच्या दारात."

"अक्का, गौर संध्याकाळी पूजतात."

"सांजंला कचेरी बंद आसती. गौरीला काय घड्याळ कळतंय?"

आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली. "आपलं दुकान कचेरीच्या तोंडावर हाय, ध्यानात ठिवलीस का? दुकान उचलाय लावतील." मी म्हटलं, "लावू देत." मी तशी बोलते, आणि आबांना त्याचा त्रास होतो, हे मला माहीत आहे. रात्री आई म्हणाली, बाप जेवला नाही.

पुनवेला दुपारी आम्ही निघालो. पुढं अक्का, काठी टेकत. तिच्या हातात गौर, हळदीनं माखलेली, हिरव्या चोळीतली. मागं बायकांच्या ताटांत साखरेची चित्रं, हत्ती, मोर, रथ, आणि निरांजनं. गळ्यात कानडी गाणी, आणि ज्यांना कानडी येत नव्हती त्या नुसत्या टाळ्या देत होत्या. भटजींच्या काकू सोवळं सोडून आल्या, हे मला मरेपर्यंत आठवेल. रस्त्यातले लोक वाट देत होते. गौर चालली होती, अडवणार कोण?

कारंजा तयार होता. उद्घाटन दौऱ्याच्या दिवशी, म्हणून नळीवर कापड बांधलेलं. अक्कानं गौर सरळ हौदाच्या काठावर ठेवली, आडतदाराच्या बापाच्या नावाच्या दगडावर, आणि शेजारी काठी आडवी टाकून बसली. ताटं काठानं मांडली. आम्ही सगळ्या बसलो.

चपराशी धावत आला. "उठाओ, उठाओ ये! साब बैठे हैं अंदर!"

"हात लाव की," अक्का म्हणाली. "गौरीला हात लावून बघ."

तो हात मागं बांधून उभा राहिला. तेवढ्यात आत विड्यांची वेळ झाली असावी, कारण तो रस्ता ओलांडून आमच्या दुकानाकडं गेला. मी मान वळवून बघितलं. आबांनी फळी लावली होती. भर दुपारी दुकान बंद करून ते पायरीवर बसले होते, हात जोडून, गौरीकडं तोंड करून. चपराशी रिकाम्या हातानं परत आला. कमेटी बाहेर आली ती विड्याशिवाय, आणि म्हणून जरा चिडलेली.

तहसीलदारसाहेबांनी आमच्याकडं बघितलं, गौरीकडं बघितलं. "ये क्या है?"

मी उभी राहिले. "जेर-ए-गौर, साहेब. तुम्ही लिहिलं होतं. गौर आणलीय. आता तिच्या खाली काय लिहायचं ते लिहा."

गर्दीत मागं कोणीतरी फुसकन हसलं. तो म्हातारा पेशकार होता. साहेबांनी ओठ आवळले. हसू होतं की राग, ते मला आजही सांगता येणार नाही.

आडतदार पुढं झाला. तो कानडीच, अक्काला ओळखायचा, तिच्याकडची चटणी न्यायचा. समजुतीनं बोलला, आणि समजुतीचं बोलणं मला जास्त टोचतं. "हे बघ अक्का, कायदा आहे. कारंजाला निम्मं मी दिलं, म्हणून कारंजा आधी झाला. माझ्यावर कामून चिडायलीस? तुमच्या गल्लीनं काय दिलं सांग की."

अक्का काठीवर जोर देऊन उभी राहिली. लुगड्याचा काठ घोट्याच्या वर धरला आणि दोन्ही पाय जवळ जवळ ठेवले. एक जमिनीला टेकला. दुसरा दोन बोटं वर राहिला.

"पाय दिला की, अप्पा. दोनातला एक. निम्मं झालं का न्हाई, तूच सांग. तू तर हिशोबाचा माणूस."

कोणी हसलं नाही. आडतदारानं खाली बघितलं. खाली त्याच्या बापाच्या नावावर गौर बसलेली होती.

आम्ही उठलो नाही. साहेब आत गेले, कमेटी आत गेली. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच गाणी म्हणत बसलो. मग चपराशी नवी फेहरिस्त घेऊन आला आणि फळ्यावर लावली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, मी एकटी वाचणार नाही. पेशकारचाचांना हाक मारली. त्यांनी वाचलं, मी वाचलं, दोघांचं जुळलं तेव्हाच बायकांना सांगितलं. खालची बारव, पायऱ्या आणि कठडा. नंबर अव्वल. पुढं शेरा: मंजूर.

"मंजूर म्हंजे तरी मंजूरच का?" शिंपीणबाईनं विचारलं. "का मंजुळा कोण हाय?"

तेव्हा मात्र सगळ्या हसलो.

हे इथं संपवलं असतं तर गोष्ट झाली असती. मी गोष्ट सांगत नाही. दगड आला, पाथरवट आले, वरच्या नऊ पायऱ्या झाल्या. सुरेख झाल्या. मग काम थांबलं. विचारलं तर सांगितलं, रक्कम संपली. खालच्या सात पायऱ्या या सालच्या फेहरिस्तीत तिसऱ्या नंबरावर आहेत, आणि पुढं काय लिहिलंय ते तुम्ही ओळखलं असेल. अक्काकडून निम्मं घेतलं, आणि निम्मंच परत दिलं. हिवाळ्यात नऊ पुरतात. चैत्रात पाणी खाली जातं, तेव्हा त्या सातच लागतात. दौरा झाला, कारंजा उडाला, टाकी रिकामी होईपर्यंत. आता हौदात कचेरीतली घोडी पाणी पितात. पाणी आमच्याच बारवेचं.

अक्का रोज नवव्या पायरीपर्यंत स्वतः उतरते. तिथं बसते आणि खालून येणाऱ्या बायकांच्या घागरी हातात घेऊन वर देते. तिच्याखाली तो उतार आहे. काल एक नवी सून पहिल्यांदा पाण्याला आली, सहा महिन्यांची पोटुशी. अक्कानं तिला खाली जाऊ दिलं नाही. तिच्या घागरीसाठी दुसरी कोणीतरी गेली. पण दुसरी कोणीतरी रोज जाणारच. एक दिवस अशाच एखादीला थांबवायला कोणी नसेल.

म्हणून आता तुम्हाला सांगते. हे वाचून हळहळू नका, आम्हाला ते नको आहे. तुमच्याही गावात फळा आहे आणि फळ्यावर फेहरिस्त आहे, मग तुमचं गाव निंबर्गा असो, कमलनगर असो, की कोणतंही. येत्या बाजाराच्या दिवशी तिथं जा. वाचता येत नसेल तर वाचणारी दोन माणसं न्या, एकावर विसंबू नका. मी एकटी वाचून फसले. पहिल्या नंबरावर काय आहे ते मोठ्यानं वाचायला लावा, आणि तिथं काल काय होतं ते विचारा. ज्या कामापुढं विचार चालू आहे असं लिहिलं असेल, त्यावर बोट ठेवा आणि विचारा: कधीपर्यंत? दिवस सांगा. आणि दिवस सांगेपर्यंत दारातून उठू नका.